घड्याळाला वळसा

पेपर सकाळी दहाला, वारज्याच्या एका शाळेत,
आणि माझे दहा म्हणजे मध्यरात्र.

चौदा महिने मी रात्रपाळीची खुर्ची घेतली होती
नारायण पेठेतल्या अभ्यासिकेत, नंबर सत्तेचाळीस,
पंख्यापासून लांब, संडासाच्या जवळ,
दिवसाच्या खुर्चीपेक्षा चारशे रुपयांनी स्वस्त.
दुसरं कारणही पैशाचंच.
खोलीत खाट एक, भाडं अर्धं-अर्धं.
रात्री ती सरोजाची, सकाळी सातनंतर माझी.

सरोजा उदगीरची. लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात.
ती केस बांधत बाहेर, मी चपला काढत आत,
उंबऱ्यावर आमचं बोलणं एवढंच:
पाणी भरलंय. सिलेंडर संपत आलाय. दूध नासलं.
बाकी ती मला ठाऊक होती उशीच्या वासावरून,
माक्याचं तेल, कोरं कापड,
आणि गादीत अजून न विझलेली तिची ऊब.

हॉल तिकीट आलं तेव्हा हातात नऊ दिवस.
"आता लवकर झोपत जा," आई फोनवर म्हणाली,
जणू झोप म्हणजे घरचं मांजर,
हाक मारली की येणार.
दोन रात्री खुर्चीतच दहाला डोकं टेकवून पाहिलं.
त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती
पापण्यांच्या आत टक्क जागी.

मागे ओढून येत नाही म्हटल्यावर
मी झोपेला पुढेच ढकलत न्यायचं ठरवलं,
रोज तीन तास,
बंद पडलेली स्कूटर गॅरेजपर्यंत ढकलतात तशी,
अख्ख्या घड्याळाला वळसा घालून.

पहिल्या दिवशी सातऐवजी दहा.
दुसऱ्या दिवशी एक. पेठेतली शटरं खाली आली,
मी पापण्या ओढून घेतल्या.
त्या एका दुपारपुरती
मी अस्सल पुणेकर झाले.

तिसऱ्या दिवशी चारपर्यंत तग धरायचा होता.
बसले की संपले, म्हणून चालत सुटले.
लकडी पुलावर थांबले तर सोबत सावली,
आखूड, पायांत घुटमळणारी.
हिला मी विसरलेच होते.

चौथ्या दिवशी संध्याकाळचे सात.
डोळ्यांत वाळू, पानावर मुंग्या.
खाटेवर पडले ती दगडासारखी.
सरोजा साडेनऊला आली असणार.
तिला सांगायचंच राहिलं होतं.

जाग आली तेव्हा तीन वाजले असतील.
भिंतीशी मी, काठावर ती,
पडू नये म्हणून एक पाय जमिनीला टेकवलेला.
चौदा महिन्यांत पहिल्यांदाच
आम्ही एका वेळी झोपलो होतो.
अंधारात तिचे हात हलत होते.
जरा वेळाने कळलं, ती घड्या घालत होती,
दिवसभर उलगडून दाखवलेल्या
आणि कुणीच न घेतलेल्या साड्यांच्या.

मी आणखी सरकले. भिंत गार लागली.

सकाळी चहा गाळताना म्हणाली,
"दोनशे त्रेचाळीस म्हणजे काय गं? झोपेत सारखं तेच."
म्हटलं, कलम आहे. पंचायतीचं.
"मग हरकत नाही. मला वाटलं
कुणाची उधारी राहिलीय."

त्या रात्री दहाला दिवा दोघींनी मिळून घालवला.
खाट तेवढीच. कूस बदलायची ती विचारून.
सत्तेचाळीस नंबर दातीरकाकांनी
परभणीच्या एका मुलाला देऊनही टाकला होता.

पेपरच्या आदल्या रात्री झोप लागली नाही
असं सांगितलं तर लोकांना खरं वाटेल.
पण लागली. साडेदहाला आली,
मांजरासारखी, न बोलावता,
आणि आमच्या दोघींच्या मध्ये जागा करून बसली.

वारज्याला घंटा झाली.
भिंतीवरच्या घड्याळात दहा,
माझ्यातही दहाच.
पुढच्या बाकावरच्या मुलाने लांबलचक जांभई दिली.
ती मी ओळखली.
रात्रपाळीची होती.